ओसरीवरून : भिंतीपलीकडचा हात

गेल्या संकष्टीस सायंकाळीं आम्ही ओसरीवर बसलों होतों. वीज गेली होती आणि चंद्रोदयास अवकाश होता. आमच्या पुतण्याचा मुलगा सुटीसाठीं अक्कलकुव्यास आला आहे. तो यंत्रशास्त्राच्या महाविद्यालयांत शिकतो. पुढें कोणता विषय घ्यावा याची चर्चा चालली असतां तो म्हणाला, "आजोबा, मला वैद्यकांतील रोबोवर काम करावेंसें वाटतें." हें ऐकून मंडळी थोडी बिचकली. यंत्राचा हात माणसाच्या देहाशीं खेळणार, ही कल्पनाच पुष्कळांस अभद्र वाटली. शेजारचे एक वृद्ध स्नेही म्हणाले, "वैद्याचा हात नाडीवर असावा. यंत्राला दया कोठून येणार?" तोंच कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या आमच्या वहिनी शांतपणें म्हणाल्या, "दया येते कीं नाहीं तें मला ठाऊक नाहीं. पण मी त्या यंत्राखालीं पंचवीस वेळां निजलें आहें, आणि आज वाती वळतें आहें."

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ झोंप आली नाहीं, आणि या महिन्यांत याच विषयावर चार शब्द लिहावे असें आम्हीं ठरविलें. घरची गोष्ट चारचौघांत सांगावी कीं न सांगावी, याचा पुष्कळ विचार केला. "लिहा भावोजी, दुसऱ्या एखादीस उपयोग होईल," असें वहिनींनींच म्हटलें, म्हणून लिहितों.

आरंभीं शब्दाचा विचार करूं. आमची जुनी खोड आहे. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककारानें १९२० सालीं आपल्या एका नाटकांतून जगापुढें आणला. चेक भाषेंत त्याच्या मुळाशीं वेठीच्या कामाचा अर्थ आहे. आपला 'यंत्र' शब्द याहून अर्थगर्भ आहे. 'यम्' म्हणजे आवरणें, ताब्यांत ठेवणें. जें आवरून धरतें तें यंत्र. सुश्रुतानें शल्यकर्मासाठीं एकशें एक यंत्रें सांगितलीं आणि त्या सर्वांत हात हेंच प्रधान यंत्र होय, असा निर्वाळा दिला. कारण हातावांचून बाकीचीं यंत्रें चालत नाहींत. वर्गांत हा भाग सांगतांना आम्ही वर्षानुवर्षें मोठ्या अभिमानानें येथेंच थांबत असूं. परंतु हाताला जेथें जातांच येत नाहीं, अशी जागा असली तर काय करावें? हा प्रश्न सुश्रुतापुढें नव्हता. क्युरी दांपत्यानें १८९८ सालीं रेडियमचा शोध लावला, तेव्हां तो वैद्यकापुढें उभा राहिला.

रेडियमच्या किरणांनीं रोगट पेशी मरतात हें लवकरच कळून आलें. पण ते किरण निरोगी पेशींसही सोडीत नाहींत. त्या काळीं रेडियमच्या नळ्या व सुया डॉक्टर आणि परिचारिका आपल्या हातांनींच हाताळीत. कित्येकांचीं बोटें जळलीं. जो रोग ते दुसऱ्याचा बरा करीत होते, तोच कित्येकांस जडला. म्हणजे येथें सुश्रुताचें प्रधान यंत्रच प्रथम बळी पडलें. तेव्हांपासून या विद्येची सारी धडपड एकाच गोष्टीसाठीं चालली आहे: हात दूर ठेवावा, पण हाताचें काम मात्र नेमकें व्हावें.

आतां घरची गोष्ट. पांच वर्षांपूर्वींच्या मार्गशीर्षांत, पाळी बंद होऊन दहा वर्षें लोटलीं असतां, वहिनींच्या अंगावरून पुन्हा रक्त जाऊं लागलें. प्रथम त्यांनीं कोणासच सांगितलें नाहीं. मग सुनेस सांगितलें. सुनेनें आमच्या कानावर घातलें तेव्हां घरांत धाकट्या नातवाची मुंज ठरली होती. माघांतला मुहूर्त आम्हींच काढला होता. वहिनी म्हणाल्या, "मुंज होऊं द्या, मग पाहूं." आणि घरांतल्या शहाण्या समजल्या जाणाऱ्या आम्हीं, हातांत पंचांग घेऊन, मान डोलावली. नऊ आठवडे गेले. मुंज यथासांग पार पडली. बटूला भिक्षा घालतांना वहिनींचा हात कांपत होता, तो आम्हीं पाहिला. आणि तो उपासाचा परिणाम असेल अशी मनाची समजूत घातली.

पुढें दूरच्या एका शहरांतील रुग्णालयांत तपासणी झाली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं विचारलें, "केव्हांपासून?" आम्हीं खरें तें सांगितलें. त्या कांहींएक बोलल्या नाहींत. त्यांनीं फक्त महिना लिहून घेतला. छत्तीस वर्षें मुलांच्या चुकांवर तांबडी शाई ओढण्यांत घालविलेल्या माणसास त्या लिहिण्याचा अर्थ कळण्यास वेळ लागला नाहीं. नुसत्या शस्त्रक्रियेनें रोग काढून टाकण्याची वेळ टळून गेली होती; आतां किरणोपचार आणि त्याच्या जोडीस औषध. आठवड्याचे पांच दिवस, असे पांच आठवडे. आणि त्यासाठींही आमची पाळी येण्यास तीन आठवडे लागले.

हा उपचार एकाच दिवशीं कां उरकीत नाहींत, असें आम्हीं तेथील तंत्रज्ञास विचारलें. त्याचें उत्तर मनोरंजक आहे. किरणांचा मारा रोगट व निरोगी अशा दोन्ही पेशींवर होतो. परंतु निरोगी पेशी रात्रींतून आपली डागडुजी बऱ्याच अंशीं करून घेतात, रोगट पेशींस तें तितकेंसें साधत नाहीं. म्हणून मात्रा थोडी थोडी करून रोज द्यावयाची. मध्यें फार खंड पडला, तर रोगासही पुन्हा वाढण्यास सवड मिळते. सारांश, या उपचारांत नियमितपणा हेंच अर्धें औषध आहे.

यंत्र दिसावयास मोठें, पण त्याचा प्राण एवढासा. कोबाल्ट धातूच्या एका विशिष्ट प्रकाराचे कण पोलादी कुपींत भरून ती कुपी शिशासारख्या जड धातूंच्या जाड डोक्यांत कोंडलेली असते. रोगी फळीवर निजतो. त्याच्या त्वचेवरील शाईच्या खुणा पाहून तंत्रज्ञ त्यास केसभर इकडेतिकडे सरकवून नेमका बसवितो. हें काम अजून हातांचेंच आहे. मग सर्वजण बाहेर जातात, जाड दार लागतें, आणि भिंतीपलीकडून कळ दाबली कीं आंतली कुपी सरकून एका खिडकीसमोर येते. तेवढाच वेळ किरण बाहेर पडतात. कोणीं चुकून दार उघडलें तर कुपी आपोआप परत जाते. यंत्राचें डोकें रोग्याभोंवतीं फिरतें, म्हणजे निरनिराळ्या बाजूंनीं आलेले किरण रोगाच्या जागीं एकत्र होतात आणि वाटेंतील निरोगी भागास त्यांचा वांटा थोडाथोडाच येतो. जें आवरून धरतें तें यंत्र, ही व्युत्पत्ति आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितली असेल. ती खरोखर कळली त्या बंद दाराबाहेरच्या बांकावर.

कोबाल्टचा हा उपयोग प्रथम १९५१ सालीं कॅनडांत झाला. आपल्याकडे या विद्येचा पाया मुंबईस घातला गेला. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचें उद्घाटन १९४१ सालीं झालें. १९६२ पासून तें अणुशक्ति खात्याच्या कक्षेंत आलें. कर्करोगाचें रुग्णालय अणुशक्तीच्या खात्याकडे कां, याचें पुष्कळांस नवल वाटतें. पण वर सांगितलेला भिंतीपलीकडच्या हाताचा प्रश्न लक्षांत घेतला म्हणजे नवल उरत नाहीं. ट्रॉम्बे येथें १९५६च्या ऑगस्टांत 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. अशा भट्टींतून निघणाऱ्या पदार्थांस हात लावणें शक्य नसतें. म्हणून जाड भिंतीच्या अलीकडे माणसाचा हात, आणि पलीकडे त्याच्या प्रत्येक हालचालीचें अनुकरण करणारा धातूचा हात, अशी योजना करावी लागते. भाभा अणुसंशोधन केंद्रांत यासाठीं दुरून हाताळणी व रोबोशास्त्र यांचा एक स्वतंत्र विभागच उभा राहिला.

त्या विभागांतील संशोधक के. जयराजन यांचें काम आमच्या विद्यार्थ्यानें मुद्दाम अभ्यासावें असें आहे. ज्यांचा जन्म घातक पदार्थ दुरून उचलण्याच्या विद्येंत गेला, त्यांनींच ती विद्या रोग्याच्या शय्येपाशीं आणली. डी. सी. कर, मनजित सिंग वगैरे सहकाऱ्यांसह त्यांनीं कोबाल्टचें किरणोपचार यंत्र स्वदेशांत तयार केलें, आणि त्याचा वृत्तान्त २००५ सालीं केंद्राच्या पत्रिकेंत प्रसिद्ध केला. डॉ. होमी भाभा यांच्या नांवावरून त्याचें नांव 'भाभाट्रॉन' असें ठेवलें. पहिलें यंत्र टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेंत बसविलें गेलें; पुढें त्याची निर्मिति बंगळूर येथील पॅनेशिया या कंपनीकडे सोंपविण्यांत आली. कोबाल्टही स्वदेशीच: राजस्थानांतील रावतभाटा येथील वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्यांत साधा कोबाल्ट ठेवून तो तयार करतां येतो.

या यंत्राच्या सुधारलेल्या आवृत्तींतील दोन गोष्टी आमच्या मनांत भरल्या. पहिली ही कीं, काहीं बिघाडानें कोबाल्टची कुपी आपल्या जागीं परत गेली नाहीं, तर पुढील खिडकीच्या झडपा पूर्णपणें मिटतात, म्हणजे रोग्यावर नको तो मारा होत नाहीं. दुसरी ही कीं, वीज गेली तरी विद्युत्घटांवर काम चालू राहण्याची सोय तींत केलेली आहे. दिल्ली-मुंबईच्या वाचकांस ही दुसरी गोष्ट किरकोळ वाटेल. ओसरीवर कंदील लावून हें लिहिणाऱ्या आम्हांस ती किरकोळ वाटत नाहीं. ज्यानें ती योजिली त्याच्या डोळ्यांपुढें अक्कलकुव्यासारखें एखादें गांव असलें पाहिजे.

त्याच केंद्रांत मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठींही एक यंत्रहस्त तयार झाला आहे. कवटीच्या आंतील गांठीचें स्थान चित्रांवरून आधीं निश्चित करावयाचें, आणि सहा प्रकारच्या हालचाली करूं शकणाऱ्या या हातानें सुई नेमक्या त्या बिंदूकडे रोंखावयाची. शल्यवैद्याचा हात थकतो, कांपतो; हा कांपत नाहीं. परंतु कोठें रोंखावयाचें हें शल्यवैद्यच ठरवितो, हें शेजारच्या आमच्या स्नेह्यांनीं ध्यानांत घ्यावें. दया यंत्रांत नसतेच. ती यंत्र करणाराच्या व चालविणाराच्या ठायीं असावी लागते.

आतां ज्या गोष्टीमुळें हें लिहिणें आम्हांस टाळवेना, ती सांगतों. त्या रुग्णालयाच्या बांकावर तिसऱ्या दिवशीं एका बाईनें आम्हांस "गुरुजी" म्हणून हांक मारली. ती आमच्याच तालुक्यांतील, वर सातपुड्यांत मोलगीच्या बाजूच्या एका पाड्यावरची भिल्ल बाई होती; तिचा मुलगा कधीं काळीं आमच्या वर्गांत होता. रोग तोच, यंत्र तेंच, वेळही आमच्या पाठोपाठची. वहिनींच्या पाठीशीं आमचें अख्खें कुटुंब होतें. एक पुतण्या रजा काढून राही, त्याच्यामागून दुसरा. डोंबिवलीची भाची दर आठवड्यास येऊन पथ्याचें करून जाई. तिच्या पाठीशीं नवरा तेवढा होता, आणि त्याची रोजची मजुरी बुडत होती. चैत्र लागला. घरीं मोहाचीं फुलें वेंचण्याचा हंगाम आला होता, आणि त्यावर त्यांचें कित्येक महिन्यांचें मीठमिरचीचें चाले. अकरा बैठकी झाल्यावर ती आम्हांस म्हणाली कीं, पंधरा दिवसांनीं परत येतें. आम्हीं तिला खंडाचा धोका सांगितला. तिनें ऐकून घेतलें. बाराव्या दिवशीं बांकावरची तिची जागा रिकामी होती. ती परत आली नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत ती गेल्याचें तिच्या मुलाकडून कळलें.

आम्हीं नऊ आठवडे मुहूर्तासाठीं घालविले, आणि तरी आमचें माणूस वांचलें. तिनें पोटासाठीं उपचार सोडला, आणि ती गेली. या दोन वाक्यांमध्यें जें अंतर आहे तें शास्त्राचें नव्हे. तें सडकेचें, भाड्याचें आणि माणसांच्या आधाराचें आहे. यंत्राची किंमत करतांना तें अंतरही हिशेबांत धरलें पाहिजे, एवढेंच आमचें सांगणें आहे.

कोबाल्टयंत्राचे दोषही सांगितले पाहिजेत. सुमारें सव्वापांच वर्षांत कोबाल्टची शक्ति निम्मी होते. त्यामुळें प्रत्येक बैठकीचा वेळ वाढत जातो आणि कांहीं वर्षांनीं कुपी बदलावी लागते. तिची राखण काटेकोरपणें करावी लागते. विजेच्या बळावर किरण निर्माण करणारीं नवीं यंत्रें अधिक तीक्ष्ण कडेचा झोत टाकतात, आणि जगाचा ओढा तिकडेच आहे. अमेरिकेंत स्टॅनफोर्ड येथें जॉन ॲडलर यांनीं असें यंत्र रोबोच्या हातावरच चढविलें. त्यानें पहिल्या रोग्यावर १९९४ सालीं उपचार केला, आणि पुढें तर रोग्याच्या श्वासाबरोबर वरखालीं होणाऱ्या गांठीचा पाठलाग करण्यापर्यंत त्याची मजल गेली. आपल्याकडे खारघर येथें २०२३ सालीं प्रोटॉन-किरणांचें मोठें केंद्र राष्ट्रास अर्पण झालें. या सर्वांपुढें आमची मान लवते. जेथें मेंदू, डोळा किंवा लहान मूल यांचा प्रश्न आहे, तेथें केसाएवढी नेमकी तीक्ष्णता हवीच.

परंतु तीं यंत्रें महाग, त्यांस अखंड वीज हवी, निष्णात माणसें हवींत. म्हणून तीं महानगरांतच नांदतात. कोबाल्टचें यंत्र त्या मानानें साधें, स्वस्त व सोशिक. भारतानें तें व्हिएतनाममधील कॅन थोच्या रुग्णालयास दिलें. २०१५ सालीं मंगोलियाच्या राजधानींतील कर्करोग केंद्रास दिलें. जें यंत्र मंगोलियापर्यंत जाऊं शकतें, तें सातपुड्याच्या पायथ्याशीं येऊं शकत नाहीं, असें आम्हांस वाटत नाहीं. तालुक्याच्या गांवास हें झेपणार नाहीं, असें कोणी म्हणेल, तर त्यानें सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीकडे पाहावें. बार्शी हें तालुक्याचेंच गांव; तेथें कर्करोगाचें रुग्णालय आहे, आणि खेड्यांतील कर्करोग्यांची नोंद ठेवण्याचें आपल्या देशांतील पहिलें काम १९८७ पासून तेथेंच सुरू झालें.

आणि यंत्राच्याही आधीं येतो तो हातच. टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईच्या वस्त्यांतील सुमारें दीड लक्ष स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१३ सालीं जाहीर झाला. गर्भाशयमुखास सौम्य केलेलें व्हिनेगर लावून डोळ्यांनीं पाहणें, एवढीच ती तपासणी. ती करणाऱ्या बाई डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या सेविका होत्या. तेवढ्यानें या रोगानें होणारे मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले. आम्ही स्वतः मॅट्रिकच आहों. त्यामुळें हें वाचून आम्हांस विशेष आनंद झाला, हें कबूल करितों.

वाचकांच्या घरांसाठीं दोन-तीन व्यवहाराच्या सूचना देऊन आटोपतों. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलें, किंवा स्तनांत गांठ लागली, तर ती लाजेची बाब नव्हे. त्याच आठवड्यांत डॉक्टरांस दाखवावें. किरणोपचार चालू असतां त्वचेवरील खुणा घासून पुसूं नयेत. आमच्या वहिनींस सचैल स्नानावांचून स्वयंपाकघरांत पाऊल न टाकण्याची संवय, पण त्या पांच आठवड्यांत तो नियम आम्हीं सर्वांनीं मिळून बाजूस ठेविला. आणि अशा यंत्राखालून आलेल्या माणसाच्या अंगांत किरण उरत नाहींत. दिवा मालवल्यावर खोलींत उजेड उरत नाहीं तसेंच हें आहे. तिचें ताट वेगळें मांडूं नये, नातवंडांस तिच्या मांडीवरून उठवूं नये. आमच्या एका आप्तांच्या घरीं तें घडलें, आणि त्या बाईस रोगाहून त्या वेगळ्या ताटाचें दुःख अधिक झालें.

असो. त्या संकष्टीस चंद्र उशिरां दिसला. पानें वाढलीं तेव्हां मुलानें पुन्हा आपला प्रश्न काढला. आम्ही उत्तर देणार तोंच वहिनी म्हणाल्या, "घे तो विषय. पण तें यंत्र इकडे कसें येईल तेंही शीक." त्यानें आम्हांस विचारलें, अर्ज कोणत्या दिवशीं भरूं? पंचांग खुंटीवर होतें. आम्हीं तें काढलें नाहीं. उद्यांच भर, म्हणून सांगितलें.